ईशान्य मुंबईचा कौल : बदल आणि उत्तरदायित्व

मुलुंडहून सुटलेली उपनगरी गाडी नाहूर, भांडूप, कांजूरमार्ग, विक्रोळी अशी एकेक स्थानके घेत वीसएक मिनिटांत घाटकोपरला पोहोचते. या वीस मिनिटांच्या प्रवासात खिडकीबाहेर जे दिसते, ते अर्ध्या शतकाच्या औद्योगिक इतिहासाचे अवशेष आणि त्यांवर उभे राहिलेले नवे शहर होय. एका बाजूला डोंगरउतारावर चढत गेलेल्या झोपडपट्ट्या, दुसऱ्या बाजूला खाडीकडची मिठागरे, मध्ये जुन्या आग्रा रस्त्याच्या कडेचे कारखाने आणि कारखान्यांच्या जागी आलेले मनोरे. या पट्ट्याला हार्बर मार्गावरील गोवंडी-मानखुर्दची दाट वस्ती जोडली म्हणजे ईशान्य मुंबई हा लोकसभा मतदारसंघ पुरा होतो. २०२४ साली त्याच्या मतदारयादीत सोळा लाखांहून अधिक नावे होती.

या मतदारसंघाचे एक वैशिष्ट्य राजकीय निरीक्षकांच्या नजरेतून सुटलेले नाही. १९८० नंतर येथे लोकसभेच्या अकरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. पण एकाही खासदाराला या मतदारसंघातून लागोपाठ दुसऱ्यांदा लोकसभेत जाता आले नाही. जाणकार मतदार म्हणून येथील नागरिकांचे कौतुक करण्याचा मोह यामुळे होतो. सत्ताधाऱ्याला खुर्चीत रुजू न देणारा मतदार लोकशाहीचा खरा पहारेकरी, असे म्हणण्याची पद्धतही आहे. तथापि आकडे जरा बारकाईने पाहिले की हा निष्कर्ष इतका सरळ राहत नाही.

उपनगराचा जन्म

आज ज्याला ईशान्य मुंबई म्हणतात, तो भाग स्वातंत्र्याच्या वेळी मुंबई महापालिकेच्या हद्दीतही नव्हता. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी आगगाडी याच भागातून धावली. परंतु त्यानंतर जवळजवळ शतकभर ही गावे गावेच राहिली. १९५० साली महापालिकेची हद्द पूर्वेला भांडूपपर्यंत आणि १९५७ साली मुलुंडपर्यंत वाढली. कारखाने, कामगारांच्या चाळी, गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती आणि फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांची वस्ती यांनी हा पट्टा भरून निघाला. विक्रोळीची गोदरेजची वसाहत हे त्या काळातील नियोजित उद्योगनगरीचे उदाहरण. त्याच काळात नियोजनाबाहेर वाढलेल्या वस्त्या मात्र कितीतरी अधिक होत्या.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ‘मुंबई उपनगर’ या नावाचा मतदारसंघ होता आणि तेथून काँग्रेसच्या जयश्री रायजी निवडून आल्या होत्या. पुढे उपनगरे ‘मुंबई शहर-उत्तर’मध्ये आली आणि या भागाला राष्ट्रीय प्रसिद्धी लाभली ती व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यामुळे. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने मुंबईत काँग्रेसला हादरे बसत असतानाही मेनन विजयी झाले. १९६२ साली त्यांच्याविरुद्ध आचार्य कृपलानी उभे राहिले, तेव्हा ती लढत साऱ्या देशाने श्वास रोखून पाहिली. मेनन यांनी प्रतिस्पर्ध्याच्या जवळजवळ दुप्पट मते मिळविली. त्याच वर्षाच्या अखेरीस चीनच्या आक्रमणानंतर त्यांना संरक्षणमंत्रिपद सोडावे लागले.

१९६७ साली मतदारसंघाला ‘ईशान्य मुंबई’ हे नाव लाभले होते. काँग्रेसने मेनन यांना उमेदवारी नाकारली. त्यांनी पक्ष सोडून अपक्ष म्हणून निवडणूक लढविली. त्यांच्यासमोर होते सदाशिव गोविंद बर्वे. सनदी सेवेतून राजकारणात आलेले आणि १९६१ च्या पानशेत प्रलयानंतर पुण्याच्या पुनर्वसनाचा भार वाहिलेले बर्वे विजयी झाले; परंतु थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेनन यांचा पुन्हा पराभव केला. आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या शिवसेनेने मेनन यांच्याविरुद्ध प्रचार केला होता आणि ‘स्थानिक’ व ‘बाहेरचा’ हा वाद या निवडणुकीत प्रथमच एवढ्या उघडपणे पुढे आला होता.

भाषेचा प्रश्न किती खरा?

या एका प्रसंगावरून ईशान्य मुंबईचा मतदार भाषेवर मत देतो, असा समज दृढ झाला. पुढचा इतिहास त्याला पुरेसा आधार देत नाही. १९७१ च्या इंदिरा लाटेत काँग्रेसचे राजाराम कुलकर्णी निवडून आले. पण १९७७ साली, मेनन यांच्या पराभवानंतर अवघ्या दहा वर्षांनी, याच मतदारसंघाने जनता पक्षाचे सुब्रह्मण्यम स्वामी यांना निवडून दिले. १९८० साली देशभर इंदिरा गांधींचे पुनरागमन होत असतानाही स्वामींची जागा टिकली. लागोपाठ दोनदा सार्वत्रिक निवडणुकीत येथून निवडून येणारे ते आजवरचे शेवटचे खासदार. ते मराठी भाषक नव्हते, हे सांगायला नकोच. १९८९ मध्ये निवडून आलेल्या भारतीय जनता पक्षाच्या जयवंतीबेन मेहता गुजराती भाषक होत्या. १९९६ साली विजयी झालेले प्रमोद महाजन मराठवाड्यातून आलेले होते.

सारांश, आणीबाणीविरोधी रोष असो की अयोध्येच्या प्रश्नावरची लाट असो, मोठा राजकीय प्रवाह आला की उमेदवाराची मातृभाषा मागे पडते. प्रवाह क्षीण असला किंवा लढत अटीतटीची असली की तीच भाषा पुन्हा पुढे येते. २०२४ च्या प्रचारातही मराठी-गुजराती हा वाद जोराने घुमला, याचे कारण लढत चुरशीची होती हेच होय.

अकरा निवडणुकांचा ताळेबंद

१९८४ ते २०२४ या काळातील अकरा विजयांची वाटणी सहा व्यक्तींमध्ये झाली आहे. काँग्रेसचे गुरुदास कामत १९८४, १९९१, १९९८ आणि २००४ असे चार वेळा निवडून आले. प्रत्येक वेळी मध्ये खंड पडला. भाजपतर्फे मेहता १९८९ मध्ये, महाजन १९९६ मध्ये, किरीट सोमय्या १९९९ व २०१४ मध्ये आणि मनोज कोटक २०१९ मध्ये विजयी झाले. संजय दिना पाटील २००९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे आणि २०२४ मध्ये शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षातर्फे निवडून आले.

हा क्रम पाहिला की मतदार दर वेळी खासदार बदलतो असे वाटते. वस्तुतः १९९८ पासूनच्या सात निवडणुका तपासल्या तर वेगळे चित्र दिसते. १९९८ मध्ये महाजन, १९९९ मध्ये कामत, २००४ मध्ये सोमय्या आणि २०१४ मध्ये पाटील हे विद्यमान खासदार म्हणून उभे राहिले आणि पराभूत झाले. उरलेल्या तीन निवडणुकांत विद्यमान खासदार येथे रिंगणातच नव्हता. २००९ साली कामत वायव्य मुंबईतून लढले आणि जिंकले. २०१९ साली सोमय्यांना पक्षाने उमेदवारी दिली नाही. मित्रपक्ष असलेल्या शिवसेनेचा त्यांना असलेला विरोध त्यामागे होता. २०२४ साली कोटक यांच्याऐवजी मिहिर कोटेचा यांना उभे करण्यात आले. म्हणजे सातपैकी चार वेळा मतदाराने नकार दिला आणि तीन वेळा मतदाराला विचारण्याचा प्रसंगच पक्षांनी येऊ दिला नाही.

हा भेद महत्त्वाचा आहे. प्रतिनिधीने पाच वर्षांनी मतदारासमोर उभे राहून हिशेब द्यावा, ही प्रातिनिधिक लोकशाहीतील मूळ कल्पना होय. हिशेब देणाऱ्याचे नावच यादीतून गेले, तर मतदार नव्या माणसाला जुन्या कारभाराचा जाब कसा विचारणार? आणि नवा माणूस तरी त्या जाबाला बांधील का राहील?

मते फिरली की मांडणी फिरली?

अलीकडच्या चार निवडणुकांचे आकडे या दृष्टीने अत्यंत बोलके आहेत. २००९ मध्ये संजय पाटील यांना २,१३,५०५, किरीट सोमय्या यांना २,१०,५७२ आणि महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे शिशिर शिंदे यांना १,९५,१४८ मते मिळाली. विजयाचे अंतर होते अवघे २,९३३. या तिघांच्याच मतांची बेरीज केली तरी विजेत्याचा वाटा साडेचौतीस टक्क्यांच्या आसपास येतो. ‘जनतेचा कौल’ हा शब्द येथे कितपत शोभतो, याचा विचार ज्याने त्याने करावा.

२०१४ मध्ये सोमय्यांनी ५,२५,२८५ मते मिळवून पाटील यांचा ३,१७,१२२ मतांनी पराभव केला. वृत्तपत्रांनी त्याला दारुण पराभव म्हटले आणि फरकाच्या दृष्टीने तो तसा होताही. परंतु पाटील यांना त्या वेळी २,०८,१६३ मते होती. म्हणजे विजयी झाले तेव्हाच्या आणि दारुण पराभूत झाले तेव्हाच्या त्यांच्या मतांत फक्त ५,३४२ मतांचा फरक! त्यांचा मतदार त्यांना सोडून गेला, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. २००९ मध्ये तिसऱ्या वाटेने गेलेली मते, वाढलेले मतदान आणि नरेंद्र मोदी यांच्या नावाने आलेली लाट यांनी प्रतिपक्षाचे माप ओसंडून भरले.

२०१९ चा निकाल यापुढचे प्रमेय सिद्ध करतो. उमेदवार बदलला, सोमय्यांच्या जागी कोटक आले. पण भाजपची मते ५,१४,५९९, म्हणजे आधीच्या तुलनेत जेमतेम दहा-अकरा हजारांनी कमी. खासदार म्हणून सोमय्यांनी काय केले वा काय केले नाही, याचा या आकड्यावर फारसा परिणाम दिसत नाही. मत पक्षाला होते. व्यक्ती गौण होती. पाटील यांची मते या वेळी २,८८,११३ झाली आणि ते २,२६,४८६ मतांनी हरले.

२०२४ मध्ये तेच पाटील ४,५०,९३७ मते घेऊन २९,८६१ मतांनी विजयी झाले. कोटेचांना ४,२१,०७६ मते पडली. भाजपची मते सुमारे ९३ हजारांनी घटली, पाटील यांची सुमारे १ लाख ६३ हजारांनी वाढली. दरम्यान २०२२ मध्ये शिवसेना फुटली होती, तिचा एक भाग काँग्रेस व शरद पवार यांच्या राष्ट्रवादी गटाबरोबर एका आघाडीत होता आणि २०१९ नंतर राष्ट्रवादीतून शिवसेनेत आलेले पाटील त्याच भागाचे उमेदवार होते. उमेदवार जुना, पण त्यामागची मतांची मोळी नवी बांधलेली. या मोळीत मानखुर्द-शिवाजीनगरने दिलेली आघाडी एवढी मोठी होती की मुलुंड आणि घाटकोपर पूर्व येथील पिछाडी तिने भरून काढली.

अर्थात ही मोळी विधानसभेपर्यंत टिकली नाही. सहाच महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, याच लोकसभा क्षेत्रातील सहा विधानसभा जागांपैकी मुलुंड, भांडूप पश्चिम, घाटकोपर पश्चिम आणि घाटकोपर पूर्व या चार जागा महायुतीने जिंकल्या. विक्रोळी ठाकरे यांच्या शिवसेनेकडे आणि मानखुर्द-शिवाजीनगर समाजवादी पक्षाकडे राहिले. लोकसभेत पराभूत झालेले कोटेचा मुलुंडमधून आमदार झाले.

प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध

बहुतेक वेळा ईशान्य मुंबई दिल्लीच्या वाऱ्याबरोबर राहिली आहे. १९७१, १९७७, १९८४, १९९१, १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९ या सर्व निवडणुकांत येथे निवडून आलेला खासदार दिल्लीतील सत्तारूढ बाजूचा होता. ठळक अपवाद तीन : १९८०, १९९८ आणि २०२४. त्यांपैकी शेवटच्या दोहोंत विलक्षण साम्य आहे. १९९७ च्या जुलैमध्ये घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचे बळी गेले. काही महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत काँग्रेसने रिपब्लिकन पक्ष व समाजवादी पक्षाशी समझोता केला. महाजन यांच्यासारखा बलाढ्य नेता त्या वेळी येथे पडला. २०२४ मध्येही दलित, मुस्लिम आणि ठाकरे यांना मानणारा मराठी मतदार एका बाजूला आला, तेव्हाच निकाल देशाच्या कौलापेक्षा वेगळा लागला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. या मतदारसंघात स्थिर बहुमत कोणाचेच नाही. मुलुंड-घाटकोपरचा मध्यमवर्ग, भांडूप-विक्रोळीचा कामगार व कनिष्ठ मध्यमवर्ग आणि मानखुर्द-गोवंडीचा गरीब वर्ग हे तीन समूह वेगवेगळ्या दिशांना ओढत असतात. त्यांपैकी कोणते दोन एकत्र येतात, यावर निकाल ठरतो. निकाल बदलतात ते प्रामुख्याने या जुळणीमुळे. खासदाराच्या कामाचे मूल्यमापन हे त्यातील एक छोटे कारण, आणि कित्येकदा तेही नाही.

जबाबदारी कोणाची?

या भागाचे प्रश्न दीर्घ मुदतीचे आहेत. देवनारची कचराभूमी १९२७ पासून आहे. २०१६ च्या जानेवारीत तेथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांतही दिसला. मुलुंडची कचराभूमी २०१८ मध्ये बंद झाली, पण शहराच्या कचऱ्याचा मोठा भार कांजूरमार्गवर आला. धारावीच्या पुनर्वसनासाठी मुलुंडची व मिठागरांची जमीन वापरण्याचा प्रश्न आहे. कारखाने गेले, पण त्यांतील रोजगारांची जागा कशाने घ्यावी याचे उत्तर मनोऱ्यांनी दिलेले नाही. लोकलमधील गर्दी तर सर्वांच्या रोजच्या अनुभवाची.

यांपैकी किती प्रश्न एकट्या खासदाराच्या हाती आहेत? खासदाराला स्थानिक विकासासाठी मिळणारा निधी वर्षाला पाच कोटी रुपये. सोळा लाख मतदारांत तो वाटला तर डोक्यामागे वर्षाला तीस-एकतीस रुपये पडतात. एका चाळीची रंगरंगोटी त्यातून होईल, कचराभूमीचा प्रश्न सुटणार नाही. रेल्वे केंद्राची, झोपडपट्टी पुनर्वसन राज्याचे, कचरा महापालिकेचा. आणि २०२४ मध्ये लोकसभेचे मतदान झाले तेव्हा महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हते. मार्च २०२२ पासून कारभार प्रशासकाकडे होता. नगरसेवकाचा जाब विचारायला जागा नव्हती म्हणून तो खासदाराला विचारला जात होता आणि खासदाराकडे त्याचे उत्तर नव्हते.

मतदानाच्या आठवडाभर आधी, १३ मे २०२४ रोजी, घाटकोपरच्या छेडानगर भागात वादळी वाऱ्याने एक अवाढव्य जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि सतरा माणसे प्राणास मुकली. जमीन रेल्वे पोलिसांच्या ताब्यातील, फलक खाजगी, शहर महापालिकेचे. दुसऱ्याच दिवसापासून प्रत्येक यंत्रणा दुसरीकडे बोट दाखवू लागली आणि प्रचारसभांतून प्रत्येक पक्ष दुसऱ्या पक्षाकडे. सतरा मृत्यूंचा हिशेब मतपेटीतून मागायचा झाला तर कोणत्या उमेदवारासमोरचे बटण दाबायचे, हे सुजाण मतदारालाही सांगता आले नसते. ईशान्य मुंबईची खरी शोकांतिका ही आहे.

केवळ बदल पुरेसा नाही

अर्थशास्त्रात स्पर्धेची एक अट मानली जाते : ग्राहकाला मालाची माहिती हवी आणि विक्रेत्याला पुन्हा त्याच ग्राहकाकडे यायचे आहे, याची जाणीव हवी. फिरता विक्रेता मालाच्या दर्जाची पर्वा करीत नाही, कारण तो उद्या दुसऱ्या गावी असतो. ज्या मतदारसंघात पुन्हा निवडून येण्याची शक्यता कामावर अवलंबून नसून पक्षाच्या तिकिटावर आणि आघाड्यांच्या जुळणीवर अवलंबून आहे, तेथील खासदाराला वीस वर्षांनी फळ देणाऱ्या कामात रस का वाटावा? दर निवडणुकीत होणारा बदल मतदाराच्या जागरूकतेचे लक्षण असेल. पण तो उत्तरदायित्वाचा पर्याय होऊ शकत नाही.

उपाय अवघड असले तरी अज्ञात नाहीत. पहिला मतदाराच्या हातातला आहे. २००९ मध्ये, दहशतवादी हल्ल्याला सहा महिनेही झाले नसताना, मुंबईत निम्म्याहून कमी मतदान झाले. २०२४ मध्ये ईशान्य मुंबईत ते सुमारे ५६ टक्के होते. म्हणजे आजही दहापैकी चारांहून अधिक मतदार घरी राहतात. २९,८६१ मतांचे अंतर या गैरहजर मतदारांपुढे नगण्य आहे. दुसरा उपाय पक्षांच्या हातातला : विद्यमान खासदाराला बदलायचे असेल तर त्याची कारणे मतदारांसमोर उघडपणे मांडावीत. तिसरा राज्यसंस्थेच्या हातातला : स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका वेळेवर व्हाव्यात, म्हणजे गटाराचा जाब दिल्लीला विचारण्याची वेळ येणार नाही.

कुर्ल्यात आजही एका रस्त्याला स. गो. बर्वे यांचे नाव आहे. २००८ च्या पुनर्रचनेनंतर कुर्ला उत्तर-मध्य मुंबईत गेले आणि हा मतदारसंघ मुलुंड ते मानखुर्द या सहा विधानसभा क्षेत्रांपुरता उरला. नकाशे बदलतात, नावे बदलतात, खासदारही बदलतात. मानखुर्दच्या वस्तीत मात्र कचराभूमीच्या दिशेने वारा वाहू लागला की खिडक्या बंद करण्याची सवय तशीच राहते. त्या खिडक्या उघड्या ठेवता येतील, तेव्हाच येथल्या मतदाराने केलेल्या बदलाला अर्थ आला असे म्हणता येईल.